हौशी रेडिओतील नामावलीचा प्रश्न

डिजिटल हौशी रेडिओच्या संचावर परमुलुखातून आवाज आला की बोलणारा कोण हे पडद्यावर नावानिशी उमटावे, ही अपेक्षा इतकी स्वाभाविक आहे, की ती पुरी होण्यासाठी ऐकणाऱ्याला आधी काही खटपट करावी लागत असेल हे या छंदाबाहेरच्या माणसाच्या ध्यानीमनीही येत नाही. वस्तुस्थिती अशी, की डीएमआर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि आज हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींत सर्वत्र पसरलेल्या पद्धतीत आवाजाच्या सोबतीने बोलणाऱ्याचे नाव येईलच असा भरवसा नसतो. खात्रीने येतो तो एक सात आकडी क्रमांक, आणि त्या क्रमांकाचा धनी कोण हे सांगणारी फेरिस्त ज्याने त्याने आपल्या संचात आगाऊ भरून ठेवायची असते. ही फेरिस्त कोणाच्या दप्तरातून आणावी, केवढी भरावी, कोणत्या रीतीने भरावी आणि भरल्यावर किती काळ खरी मानावी, हे प्रश्न वरवर पाहता कारकुनी स्वरूपाचे वाटतात. तथापि त्यांचा नीट विचार करू गेल्यास एका व्यवसायासाठी घडवलेले साधन दुसऱ्याच मंडळींनी हाती घेतले म्हणजे काय काय निस्तरावे लागते, याचे उत्तम उदाहरण त्यांत सापडते.

युरोपीय दूरसंचार मानक संस्थेने, म्हणजे एट्सीने, २००५ साली डीएमआरचे मानक प्रसिद्ध केले तेव्हा तिच्या नजरेसमोर कारखाने, बंदरे, हॉटेले, टॅक्सीच्या पेढ्या असे ग्राहक होते. साडेबारा किलोहर्ट्झच्या एका वाहिनीचे, तीस सहस्रांश सेकंदांच्या पाळ्या लावून, दोन वाटे करावेत आणि पूर्वी एक संभाषण चालत असे तेवढ्या जागेत दोन चालवावीत, ही या पद्धतीतील मुख्य युक्ती. आणि अशा काटकसरीच्या व्यवहारात प्रत्येक प्रक्षेपणासोबत बोलणाऱ्याचे संपूर्ण नाव पाठवण्याची चैन मानककर्त्यांना परवडण्यासारखी नव्हती, किंबहुना तिची गरजही नव्हती. बोलणारा आणि ज्याला उद्देशून बोलायचे तो, अशा दोघांसाठी चोवीस-चोवीस बिटांचे दोन क्रमांक त्यांनी मुक्रर केले आणि काम भागले. रेल्वे स्थानकावरच्या हमालाच्या दंडावर बिल्ल्याचा आकडा असतो आणि त्या आकड्याचा इसम कोण हे कचेरीतल्या वहीत लिहिलेले असते, तशीच ही व्यवस्था होती. पेढीत पन्नास चालक असतील तर पन्नास नावांची यादी मालकाचा तंत्रज्ञ एका बैठकीत सर्व संचांत भरून देई, आणि पुढे कोणी नोकरी सोडली तर तेवढा एक दाखला बदलला की पुरे होई.

हॅम मंडळींनी ही पद्धत उचलली ती संच सहज मिळत होते आणि पुढे तर फार स्वस्तही झाले म्हणून. परंतु तिच्याबरोबर ही मालक-नोकरांची कारकुनी व्यवस्थाही त्यांच्या पदरी आली. हॅमची खरी ओळख म्हणजे सरकारी परवान्यासोबत मिळालेले कॉलसाइन, आपल्याकडे व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ या अक्षरांनी सुरू होणारे; क्रमांकाशी त्याचे नाते केवळ मानलेले. हौशी रेडिओसाठीच निर्माण झालेल्या पद्धतींना हा वळसा घ्यावा लागला नाही. जपानच्या हौशी रेडिओ संघाने घडवलेल्या डी-स्टारमध्ये प्रत्येक प्रक्षेपणाच्या शीर्षभागात आठ अक्षरांचे कॉलसाइन चालते, येसू कंपनीच्या सिस्टिम फ्यूजनमध्येही ते आवाजासोबत जाते, आणि पोलंडमध्ये २०१९ साली सुरू झालेल्या एम-१७ या खुल्या पद्धतीच्या कर्त्यांनी तर अठ्ठेचाळीस बिटांत नऊ अक्षरांचे कॉलसाइन बसवण्याची सुबक तजवीज केली: चाळीस चिन्हांची वर्णमाला धरली तर नऊ अक्षरांच्या सर्व जुळण्या त्या जागेत मावतात आणि थोडी जागा उरतेही. उलट पी-२५ आणि एनएक्सडीएन या डीएमआरप्रमाणेच हौसेखेरीज अन्य कामांसाठी जन्मलेल्या पद्धती; त्यांतही कारभार क्रमांकांचाच, आणि एनएक्सडीएनमध्ये तर क्रमांकासाठी अवघे सोळा बिट असल्यामुळे साऱ्या जगाला मिळून पासष्ट हजारांच्या आसपासच आकडे उपलब्ध. नामावलीचा प्रश्न अशा रीतीने डिजिटल रेडिओमात्राचा नसून उसन्या आणलेल्या पद्धतींचा आहे, ही गोष्ट नवख्या माणसाला प्रथमच सांगितली पाहिजे.

क्रमांक वाटण्याचे काम पूर्वी मोटोरोलाच्या वर्तुळातून निघालेले डीएमआर-मार्क हे हौशी मंडळ पाही. पुढे ते रेडिओआयडी या नोंदणी दप्तराकडे आले. परवान्याचा दाखला दाखवावा आणि क्रमांक घ्यावा, अशी सोपी रीत आहे. क्रमांकाचे पहिले तीन आकडे मोबाइल दूरध्वनीसाठी आंतरराष्ट्रीय संघाने देशोदेशी नेमून दिलेल्या संकेतांवरून घेतलेले असतात: भारताचे ४०४, जर्मनीचे २६२, ब्रिटनचे २३४ आणि २३५, अमेरिकेचे ३१० पासून ३१६ पर्यंत. उरलेल्या चार आकड्यांत एका संकेतामागे दहा हजारांहून अधिक माणसे बसू शकत नाहीत, म्हणून जेथे हॅम पुष्कळ आणि संकेत थोडे, तेथे टंचाई होणे क्रमप्राप्तच होते. आपल्याकडे डीएमआर वापरणारांची संख्या अद्याप बेताची असल्यामुळे ती चिंता नाही. ब्रँडमाइस्टर या जगद्व्यापी जाळ्यावर भारताच्या सामायिक टॉकग्रुपचा, म्हणजे अनेकांनी एकत्र ऐकण्या-बोलण्याच्या गटाचा, क्रमांकही ४०४ हाच आहे, ही सोय लक्षात ठेवायला बरी. या दप्तरातील नोंदी आता दोन लाखांच्या पलीकडे गेल्या आहेत, आणि क्रमांक, कॉलसाइन, नाव, आडनाव, गाव, प्रांत व देश असे सात रकाने असलेली ही साधी मजकुरी फाइल, सीएसव्ही म्हणतात ती, कोणालाही उतरवून घेता येते.

खरी कुचंबणा झाली ती संचांच्या स्मरणशक्तीची. टीवायटी कंपनीचा एमडी-३८० हा हँडी संच बाजारात आला आणि त्याच्या अल्प किमतीमुळे डीएमआर सामान्य हॅमच्या आवाक्यात आले. परंतु त्यात जेमतेम एक हजार नोंदी करता येत, आणि त्यांतही व्यक्ती व टॉकग्रुप यांची सरमिसळ एकाच यादीत. ज्याला जगभरच्या टॉकग्रुपांवर हिंडायचे त्याने आधी शे-दीडशे जागा त्यांना द्याव्यात आणि उरलेल्या जागांत कोणाची वर्णी लावावी याचा विचार करीत बसावे, असा प्रकार होता. मौज अशी, की बहुतेक एमडी-३८० संचांत सोळा मेगाबाइटांची स्मृतिपट्टी मुळातच बसवलेली होती. निर्मात्याच्या आज्ञावलीने तिचा फारच थोडा भाग वापरला होता, एवढेच. ट्रॅव्हिस गुडस्पीड या अमेरिकन अभ्यासकाने ती आज्ञावली उकलून तिचे अंतरंग २०१६च्या आरंभी प्रसिद्ध केले, आणि त्यातून निघालेल्या एमडी३८०टूल्स या सुधारणासंचाने, त्या वेळच्या दप्तरातील सगळीच्या सगळी नामावली त्या पडीक जागेत नेऊन बसवली. निर्मात्याने जे देऊ केले नव्हते ते गिऱ्हाइकांनी स्वतः कमावले, आणि मग निर्मात्यांनाही तेच द्यावे लागले, असा हा क्रम आहे. या क्षेत्रातील प्रगती कारखान्यांच्या कृपेने झाली असे कोणी म्हणू लागल्यास हा एवढा दाखला त्याच्यापुढे ठेवावा.

याच कंपनीच्या पुढच्या एमडी-यूव्ही३८० संचात साधी यादी दहा हजारांची झाली आणि तिच्याखेरीज सुमारे एक लाख वीस हजार नोंदींची निराळी नामावली आली. हा आकडा कोठून आला हे पाहण्याजोगे आहे: प्रत्येक नोंदीस एकशे वीस बाइट, त्यांपैकी तीन क्रमांकाचे, सोळा कॉलसाइनचे व बाकी नाव-गावाचे, तेव्हा सोळा मेगाबाइटांतून इतर कामांची जागा वजा केल्यास साधारण एवढ्याच नोंदी बसतात. सोळा मेगाबाइट म्हणजे १,६७,७७,२१६ बाइट, आणि चोवीस बिटांत होऊ शकणारे क्रमांकही नेमके १,६७,७७,२१६. म्हणजे प्रत्येक संभाव्य क्रमांकाच्या वाट्याला एकेक बाइट यावा असा हा निव्वळ योगायोग. एनीटोनच्या डी८७८ संचाने ही मर्यादा दोन लाखांवर आणि त्याच्या दुसऱ्या आवृत्तीने पाच लाखांवर नेली. तेव्हापासून ज्याच्या खिशाला परवडते त्याच्यापुरता जागेचा प्रश्न मिटला असे म्हणावयास हरकत नाही. एवढ्या ढिगातून एक नाव संचाला क्षणार्धात कसे सापडते, याचे नवल मात्र करू नये. यादी क्रमांकांच्या चढत्या क्रमाने लावलेली असेल तर मध्यावर पाहावे, हवा तो क्रमांक अलीकडे की पलीकडे ते ठरवावे, निम्मी यादी सोडून द्यावी, आणि असेच करीत जावे. अडीच लाख नोंदींतही अठरा पायऱ्यांत शोध पुरा होतो. ज्या संचात ही रीत आहे त्यात यादी विस्कळीत क्रमाने शिरली तर नाव यादीत असूनही सापडत नाही, आणि दोष बिचाऱ्या दप्तराच्या माथी मारला जातो.

नामावली भरण्याचे प्रत्यक्ष कृत्य आता पाहू. संगणकावर संचाच्या निर्मात्याचे सीपीएस, म्हणजे संचाची जुळवाजुळव करणारी आज्ञावली, चालवायचे, यूएसबी तारेने संच जोडायचा, संचात आधीपासून जे आहे ते प्रथम वाचून एखाद्या फाइलीत जपून ठेवायचे, आणि मगच नवी यादी आत घेऊन संचात लिहायची. या क्रमातील वाचून ठेवण्याची पायरी घाईत गाळली जाते आणि वाहिन्या, टॉकग्रुप, झोन (वाहिन्यांचे गट) यांचा कष्टाने जुळवलेला सारा सरंजाम, म्हणजे कोडप्लग, गमावण्याची पाळी येते. सीपीएसची आवृत्ती आणि संचातील आज्ञावलीची आवृत्ती एकमेकींस अनुरूप असावी लागते. एनीटोनच्या सीपीएसमध्ये व्यक्तींची नामावली लिहिण्याची खूण कोडप्लगच्या खुणेहून स्वतंत्र ठेवली आहे, हे शहाणपणाचे झाले. कारण एखादी वाहिनी बदलायची तर काम चटकन होते, आणि लाखोंची नामावली लिहायला मात्र निवांत वेळ काढावा लागतो.

बहुसंख्य अपयशांचे कारण तारेत नसते, रकान्यांत असते. दप्तरातून मिळालेल्या फाइलीत सात रकाने, एनीटोनला हवेत त्यांहून अधिक, त्यांत व्यक्तिगत की सामूहिक हाक याचा एक, हाक आल्यास घंटी वाजवावी की नाही याचा आणखी एक. टीवायटीचा आराखडा निराळा, आणि एकाच घराण्यातल्या दोन संचांचा आराखडाही एकच असेल अशी खात्री नाही. डेल फार्न्सवर्थ यांची एडिटसीपी किंवा हान्नेस मातुशेक यांची क्यूडीएमआर ही खुली साधने या कटकटीतून बरीचशी सोडवणूक करतात, परंतु नवखा हॅम सहसा एक्सेलकडे वळतो आणि तेथे दुसऱ्याच संकटात सापडतो. युरोपातील पुष्कळ देशांच्या मांडणीत एक्सेल स्वल्पविरामाऐवजी अर्धविरामाने रकाने तोडते. साधी सीएसव्ही म्हणून जतन करताना जर्मनांचे टिंबवाले स्वर आणि स्पॅनिशांचे नागमोडी खुणेचे अक्षर यांची वाताहत होते. आणि ज्याच्या गावाच्या नावातच स्वल्पविराम आहे अशा एखाद्या सभ्य गृहस्थाची नोंद, अवतरणचिन्हे गळाल्यामुळे एक रकाना पुढे सरकून, त्याचा प्रांत देशाच्या जागी जाऊन बसतो. संचांच्या पडद्यांना बहुधा साधी रोमन अक्षरेच ठाऊक असतात, तेव्हा यादी भरण्यापूर्वी अशी सर्व अक्षरे साध्या रोमन अक्षरांत उतरवून घेणे हाच निर्वेध मार्ग होय. आपल्याकडच्या नोंदींत आणखी एक गंमत दिसते. नाव आणि आडनाव असे दोनच रकाने असल्यामुळे वडिलांचे नाव कोठे घालावे याविषयी प्रत्येकाने स्वतंत्र बुद्धीने निर्णय घेतलेला असतो, आणि दक्षिणेकडील मंडळींची आद्याक्षरे तर कधी पुढे, कधी मागे, कधी दोहीकडे आढळतात.

एवढे सोपस्कार करून सारे जग आपल्या हँडीत भरावे काय, हा मुख्य वादाचा मुद्दा. एका पक्षाचे म्हणणे असे, की जागा आहे तर भरावी. आज न भेटलेला उद्या भेटेल, आणि अनोळखी आवाजासोबत नाव आणि गाव दिसले की संभाषणाला आरंभापासूनच जिव्हाळा येतो. दुसरा पक्ष म्हणतो, की नोंदवलेल्या क्रमांकांपैकी पुष्कळ क्रमांक घेऊन ठेवलेले पण कधीच न वापरलेले असतात, तेव्हा त्यांचे ओझे वाहण्यात अर्थ नाही. या दुसऱ्या पक्षाची बाजू सर्वांत सुबोधपणे मांडली ती कोणा वक्त्याने नव्हे, तर जागेच्या अडचणीने. रेडिओडिटीच्या जीडी-७७ या संचात स्मृतिपट्टी एकाच मेगाबाइटची. त्यासाठी ऑस्ट्रेलियातील रॉजर क्लार्क यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या ओपनजीडी७७ या पर्यायी आज्ञावलीने नामावलीसाठी अशी सोय केली, की क्रमांकाचे आरंभीचे आकडे सांगून हवे तेवढेच देश निवडावेत, गेल्या अमुक दिवसांत जे जाळ्यावर ऐकू आले तेवढेच घ्यावेत, आणि प्रत्येक नोंदीस किती अक्षरे द्यायची तेही आपणच ठरवावे. अक्षरे कमी केली तर माणसे वाढतात, माणसे कमी केली तर अक्षरे वाढतात. प्रस्तुत लेखकाचा कौल या रीतीच्या बाजूने आहे. जो मुंबई-पुण्याच्या परिसरात ४०४ ऐकतो आणि अधूनमधून ९१ या जागतिक टॉकग्रुपवर कान देतो, त्याला भारताचे सगळे आणि बाकीच्या जगातले बोलके तेवढे, इतकी यादी बहुतेक प्रसंगी पुरते. आणि ज्याच्या संचात पाच लाखांची जागा आहे त्याने निवडीच्या भानगडीत न पडता सर्व भरून मोकळे व्हावे, कारण निवड करण्यात जाणारा वेळही फुकट मिळत नाही.

मोठी असो वा छोटी, यादी ज्या घटकेस संचात शिरते त्या घटकेपासून शिळी होऊ लागते. दप्तरात नव्या नोंदींची भर सतत पडत असते, कोणी परवान्याची श्रेणी बदलल्याने नवे कॉलसाइन घेतो, कोणी गाव बदलतो, कोणी हे जगच सोडून जातो; आणि हँडीला यातले काही कळण्याचा मार्ग नाही, कारण ती महाजालाशी थेट जोडलेली नसते. घरातला हॉटस्पॉट, म्हणजे हँडी आणि महाजाल यांच्यामधला छोटा दुवा, मात्र जोडलेला असतो. जोनाथन नेलर यांच्या एमएमडीव्हीएम या आज्ञावलीवर उभे असलेले आणि अँडी टेलर यांच्या पाय-स्टारने चालणारे हॉटस्पॉट आपापली क्रमांकांची फाइल रोज आपोआप ताजी करून घेतात, त्यामुळे टेबलावरच्या खोक्याला बोलणाऱ्याचे नाव ठाऊक आणि हातातल्या संचाला ठाऊक नाही, असा विपरीत देखावा पुष्कळ घरांत पाहावयास मिळतो. तीन-चार महिन्यांतून एकदा यादी नव्याने भरावी हे प्रमाण मला पुरेसे वाटते. दर आठवड्यास भरणारे उत्साही जीव आहेत, आणि त्यांना तो वेळ इतरत्र घालवण्याचा उपदेश करणे व्यर्थ आहे.

गोपनीयतेचा मुद्दा अलीकडे निघू लागला आहे. युरोपीय संघाचा माहितीसंरक्षणाचा कायदा २०१८च्या मे महिन्यात अंमलात आला तेव्हापासून, लक्षावधी माणसांची नावे व गावे अशी हातोहात फिरावीत काय, असा प्रश्न तिकडचे लोक विचारतात. हॅमची नावनिशी छापून विकण्याची परंपरा जुनी आहे. अमेरिकेत तर कॉलबुक नावाचे जाडजूड ग्रंथ विसाव्या शतकात दीर्घकाळ निघत आणि त्यांत घरचे पत्तेही असत. त्या मानाने गावापाशी थांबणारी ही नामावली सौम्यच म्हटली पाहिजे. तरीही ज्याला केवळ कॉलसाइन दिसावे असे वाटते त्याची इच्छा अवाजवी म्हणता येणार नाही, आणि यादी भरणाऱ्याने नाव-गावाचे रकाने गाळून तेवढेच ठेवले तर जागाही वाचते.

राहता राहिला तो उपाय, ज्याने ही सारी खटपट कालांतराने अनावश्यक ठरावी. एट्सीच्या मानकात पुढे टॉकर एलियस नावाची तरतूद आली: आवाजाच्या प्रवाहात, दर ३६० सहस्रांश सेकंदांच्या आवर्तनात जी थोडीशी जागा संकेतांसाठी राखलेली असते तीतून, बोलणाऱ्याचे नाव तुकड्या-तुकड्यांनी पाठवायचे. एकंदर चार तुकडे. सात बिटांची साधी अक्षरे असतील तर एकतीस, आठ बिटांची असतील तर सत्तावीस. नाव पुरे उमटायला एक-दोन सेकंद लागतात, आणि तेवढ्यात कोणी केवळ बटण दाबून सोडून दिले तर अर्धेच उमटते. ब्रँडमाइस्टर ही माहिती आपल्याकडून भरूनही पाठवू शकते, आणि नव्या एनीटोन संचांत आधी संचातली यादी पाहावी की हवेतून आलेले नाव दाखवावे, याची निवड धारकावर सोपवलेली आहे. यादीत असलेल्यांसाठी यादी आणि नसलेल्यांसाठी हवेतले नाव, हीच मांडणी आज सर्वांत सोयीची. सर्व संचांना ही तरतूद उमगत नाही आणि सर्व रिपीटर, म्हणजे आवाज उचलून पुन्हा प्रक्षेपित करणारी केंद्रे, ती पुढे पोचवीत नाहीत, तोवर केवळ तिच्यावर विसंबता येत नाही.

याच तरतुदीत मराठी माणसाला रस वाटावा अशी एक गोष्ट आहे. नाव साध्या रोमन अक्षरांतच असावे असे मानकाचे बंधन नाही. यूटीएफ-८ ही सर्व लिप्यांची लेखनरीतही त्यात मान्य आहे. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात, म्हणजे सत्तावीस बाइटांत काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजून नऊ चिन्हे बसतात. आरंभी सहा अक्षरांचे रोमन कॉलसाइन आणि एक मोकळी जागा सोडल्यास उरतात वीस बाइट, अर्थात सहा चिन्हे. आनंदाला चार पुरतात, सुलभेला पाच. ज्ञानेश्वराला दहा लागतात, तेव्हा तो कॉलसाइन गाळूनही मावत नाही. बाजारातल्या सर्वसाधारण संचांच्या पडद्यांत देवनागरीची अक्षरे भरलेली नसल्यामुळे तूर्त हा हिशेब कागदावरच आहे. परंतु ओपनजीडी७७सारख्या खुल्या आज्ञावलींत अक्षरांचे नमुने बदलता येण्याजोगे असतात, आणि जोडाक्षरे लहानशा पडद्यावर वाचता येतील अशी घडवून देण्याचे काम कोणी अंगावर घेतले, तर त्याला एट्सीकडे परवानगी मागायला जावे लागणार नाही.